दहावीची सांख्यिकी आणि संभाव्यता : उदाहरणं सोडवताना या चुका टाळा

दहावीच्या गणित भाग १ मधली शेवटची दोन प्रकरणं म्हणजे संभाव्यता आणि सांख्यिकी. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत ती नेमकी कापसाच्या हंगामात येतात. दिवाळीनंतर पऱ्हाटी फुटलेली असते, मागोमाग तूर सोंगायला येते, घरात हात कमी पडतात आणि पोरं वर्गात कमी, वावरात जास्त दिसतात. मग ही प्रकरणं गाईडवरून होतात. उदाहरण वाचायचं, त्याखालचं उत्तर वाचायचं, "समजलं" म्हणायचं आणि पान उलटायचं. वाचून गणित येत नाही. ४० गुणांच्या त्या पेपरात सगळ्यात हाताशी असलेले गुण याच दोन प्रकरणांचे आहेत आणि दर वर्षी ते त्याच त्या चुकांनी जातात. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त गुण खाणारी चूक मध्यकाची, म्हणजे निम्मे ज्याच्या खाली आणि निम्मे ज्याच्या वर असतात त्या आकड्याची. ती नीट समजून घ्या.

एका मोठ्या वावरात ५० बायांनी दिवसभर कापूस वेचला. १० ते २० किलो वेचणाऱ्या ६ जणी, २० ते ३० किलोच्या १२, ३० ते ४० च्या २०, ४० ते ५० च्या ८ आणि ५० ते ६० च्या ४. संचित वारंवारता, म्हणजे त्या वर्गापर्यंतच्या एकूण जणी, झाली ६, १८, ३८, ४६, ५०. पन्नासचे निम्मे पंचवीस. पंचवीस हा आकडा ३० ते ४० च्या वर्गात येतो, म्हणून मध्यकाचा वर्ग तोच. सूत्रात जो सीएफ (संचित वारंवारता) असतो तो या वर्गाच्या आधीच्या वर्गाचा, म्हणजे १८. पंचविसातून अठरा गेले, राहिले सात. सात भागिले या वर्गातल्या वीस, गुणिले वर्गांतर दहा, म्हणजे साडेतीन. ते तीसमध्ये मिळवले, मध्यक ३३.५ किलो.

मागच्या हिवाळ्यात आसपासच्या गावांतल्या पोरांची मिळून सराव परीक्षा घेतली, त्यात हाच तक्ता दिला होता. पेपर तपासायला बसलो तर एकामागून एक उत्तर ३६.५. कॉपी म्हणावी तर पोरं वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली होती. शेवटी एका मुलीला पेपर समोर ठेवून विचारलं. तिच्या कागदावर ६.५ च्या अलीकडं खोडरबरानं घासल्याची खूण स्पष्ट दिसत होती. ती म्हणाली, "सर, तिथं मायनस आलं होतं. मले वाटलं चुकून आलं, म्हून काढून टाकलं."

मूळ कारण निघालं ते एका झेरॉक्समध्ये. कुणीतरी सगळी सूत्रं दोन पानांत बसवली होती आणि ती पानं मोबाइलवरून गावोगाव फिरली होती. त्यात लिहिलं होतं, "सीएफ म्हणजे संचित वारंवारता". कोणत्या वर्गाची, ते गाळलेलं. पोरांनी मध्यकाच्या वर्गाचीच घेतली, ३८. पंचविसातून अडतीस वजा केले तर उणे तेरा, आणि पुढं उणे साडेसहा. तसंच ठेवलं असतं तर उत्तर २३.५ आलं असतं. ते ३० ते ४० च्या बाहेर पडतं, म्हणजे काहीतरी चुकलंय हे लगेच कळलं असतं. पण उणे चिन्ह खोडलं आणि ३६.५ आलं. ते वर्गाच्या आत बसतं, दिसायला बरोबर दिसतं, आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे.

माझ्याकडच्या पोरांना मी सूत्र लिहिण्याआधी एक ओळ लिहायला लावतो: "१८ झाल्या, अजून ७ पाहिजेत, या वर्गात २० आहेत." वीसमधल्या सात म्हणजे वर्गाचा साधारण तिसरा हिस्सा, तेव्हा उत्तर ३३-३४ च्या आसपास यायला हवं. हे आधी लिहिलेलं असलं की ३६.५ आल्यावर हात आपोआप थांबतो. पडताळाही सोपा आहे. ३६.५ हा खरंच मध्यक असता तर त्याच्या खाली २५ बाया असायला हव्या होत्या. मोजून बघा: १८ आणि विसाचे ६५ टक्के म्हणजे १३, एकूण ३१. जमलं नाही. आता ३३.५ घेऊन बघा: १८ आणि ७, बरोबर २५. एवढ्या पडताळ्याला अर्धा मिनिटही लागत नाही, तरी घाईची पोरं तो करत नाहीत. त्यांना पुढचं उदाहरण गाठायचं असतं. सरावाला बसल्यावर वीस उदाहरणं उरकण्यापेक्षा सहा उदाहरणं पडताळ्यासकट करा, असं मी दर वर्षी सांगतो.

आणि चिन्ह खोडायचं नाही. कधीच नाही. उणे आलं तर मागं जाऊन का आलं ते शोधा. मध्याच्या, म्हणजे सरासरीच्या, उदाहरणात गृहीतमध्य पद्धतीनं (सोयीसाठी एक मध्य आधीच धरून) उणे येणं अगदी रास्त आहे. वरच्याच तक्त्यात ३५ हा गृहीतमध्य धरा, विचलन (वर्गमध्य वजा ३५) आणि वारंवारता यांच्या गुणाकारांची बेरीज उणे ८० येते, भागिले ५० म्हणजे उणे १.६, आणि मध्य ३३.४. इथंही कुणी चिन्ह पुसलं की ३६.६ होतात.

वर्ग १०–१९, २०–२९, ३०–३९ असे तुटक दिले असतील तर आधी ते सलग करून घ्या: ९.५–१९.५, १९.५–२९.५, २९.५–३९.५. त्याच वारंवारता घेतल्या तर मध्यक २९.५ अधिक ३.५, म्हणजे ३३. जी पोरं खालची मर्यादा ३० आणि वर्गांतर ९ धरतात त्यांना ३३.१५ मिळतं. जवळचं आहे म्हणून चालेल असं समजू नका, गुण जातात.

बहुलकाच्या (सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या किमतीच्या) सूत्रात सर्वाधिक वारंवारतेच्या वर्गाआधीच्या आणि नंतरच्या वर्गाची वारंवारता उलटसुलट टाकू नका. वरच्या तक्त्यात बहुलक ३४ आहे, अदलाबदल केली की ३६ होतो.

वृत्तालेखाच्या (वर्तुळाचे भाग पाडून काढलेल्या आलेखाच्या) कोनांची बेरीज ३६० आली का ते कंपास हातात घेण्याआधी बघा.

आता संभाव्यता. इथली माझ्या डोळ्यांत खुपणारी चूक दोन नाण्यांची. दोन नाणी फेकली, एक छापा आणि एक काटा येण्याची संभाव्यता किती? दर वर्षी निम्मा वर्ग १/३ म्हणतो. दोन छापे, दोन काटे, नाहीतर एक-एक, अशा तीन गोष्टी, म्हणून तीनातली एक. मागं एक पोरगा तर भांडायलाच उठला: "सर, छापा-काटा अन् काटा-छापा एकच तं हाय! दोनदा काहून मोजायचं?" प्रश्न चांगला आहे आणि त्याला "पाठ कर" हे उत्तर होऊ शकत नाही. मी त्याच्या हातात एक रुपयाचं आणि पाच रुपयांचं नाणं दिलं, फेकायला लावलं आणि दुसऱ्या पोराला फळ्यावर खुणा करायला उभं केलं. रुपयावर छापा आणि पाचावर काटा, ही एक गोष्ट. रुपयावर काटा आणि पाचावर छापा, ही दुसरी. नाणी वेगळी दिसतात तेव्हा कुणीच त्यांना एक म्हणत नाही. फळा भरत आला तेव्हा एक-एकच्या खुणा दोन छाप्यांच्या जवळपास दुप्पट झाल्या होत्या. नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या शक्य निकालांच्या यादीत, चार घटक आहेत आणि उत्तर २/४, म्हणजे १/२.

ही चूक फक्त आपल्याच पोरांची आहे असं नाही. फ्रान्सचा नामवंत गणिती दालांबेर यानं १७५४ साली विश्वकोशातल्या लेखात दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता २/३ सांगितली. पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक करायचीच नाही, असं म्हणून त्यानं तीन शक्यता धरल्या आणि त्या तिन्ही सारख्याच वजनाच्या मानल्या. खरं उत्तर ३/४. भागाकार करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी मोजलेल्या सगळ्या शक्यता समसंभाव्य, म्हणजे सारख्याच वजनाच्या, आहेत का?

दोन फाशांच्या उदाहरणातही तेच. ३६ जोड्या लिहून काढा, सहा ओळी, सहा रकाने. "सर, वेळ जातो" ही तक्रार मी ऐकून घेत नाही. घरी सराव करताना पुरता तक्ता लिहिला असेल तर परीक्षेत हात आपोआप चालतो. बेरीज ९ येण्याच्या जोड्या त्यात चारच दिसतात, उत्तर १/९.

पत्त्यांच्या उदाहरणांची अडचण वेगळी आहे. आमच्याकडं पोळ्याला पत्त्यांचे डाव बसतात, पण घरातल्या मुलींना पत्ते हातात धरू देत नाहीत. मग चौकट कोणतं आणि किलवर कोणतं हे तिला कसं कळणार? एक कॅट आणा आणि मुलांमुलींसमोर मांडून दाखवा: ५२ पत्ते, २६ लाल, २६ काळे, प्रत्येक प्रकारचे १३. चित्रयुक्त पत्ते म्हणजे राजा, राणी, गुलाम, एकूण १२. एक्का त्यात येत नाही. पालकांनी याला जुगार समजू नये, हे मी घरोघरी जाऊन सांगितलेलं आहे.

फाशावरच्या मूळ संख्या २, ३, ५. एक ही मूळ संख्या नाही.

०, १, २, ३, ४ या अंकांपासून अंक पुन्हा न वापरता दोन अंकी संख्या करताना दशकाच्या घरात शून्य ठेवू नका. संख्या १६ होतात, २० नाही.

"किमान एक" दिसलं की "एकही नाही" आधी काढा आणि एकातून वजा करा. तीन नाण्यांत किमान एक काटा, ७/८.

संभाव्यता एकापेक्षा जास्त आली तर ते उत्तर लिहूच नका, मागं जा.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर सरावातून पार बाद करा. बोर्डाच्या पेपरात गणकयंत्र चालत नाही, आणि डिसेंबरपर्यंत बटणं दाबणाऱ्या पोरांचा मार्चमध्ये ७ भागिले २० ला हात अडतो. मोबाइलवरच्या "दहा सेकंदात उत्तर" छापाच्या व्हिडिओंचंही तेच. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याचं उत्तर चुकलं तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही, पायऱ्या लिहिणाऱ्याला काही गुण तरी मिळतात. ज्याला पद्धत येते त्यानं युक्ती वापरली तर माझी हरकत नाही, पण पद्धत न शिकता युक्ती धरणारी पोरं आकडे जरा बदलले की अडकतात.

आलेखावर प्रमाण लिहायचं विसरू नका. आणि वारंवारता बहुभुजाचे (वारंवारतांचे बिंदू रेषांनी जोडून काढलेल्या आकृतीचे) बिंदू वर्गमध्यावर घ्या, वर्गाच्या टोकावर नाही. कापसाच्या तक्त्यात ते १५, २५, ३५, ४५, ५५ वर येतात, आणि दोन्ही बाजूंना ५ आणि ६५ वर शून्य वारंवारतेचा एकेक बिंदू घेऊन आकृती क्ष-अक्षाला टेकवायची असते. हे दोन बिंदू राहिले की आकृती बंद होत नाही आणि तपासणारा गुण कापतो.