निकेल सुपरअलॉयचे ग्रेन हाताबाहेर गेले? या चुका टाळा

पोलादावर हात बसलेला माणूस निकेल सुपरअलॉयकडे (प्रचंड उष्णतेत टिकणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूंकडे) वळला की एक चूक हमखास करतो. ग्रेन, म्हणजे धातूतले स्फटिकांचे कण, मोठे झाले तर नॉर्मलायझिंग करून (तापवून हवेत निववून) पुन्हा बारीक करू, असं तो धरून चालतो. पोलादाची स्फटिकरचना तापताना आणि निवताना बदलते, त्या उलथापालथीत नवे ग्रेन जन्मतात. निकेल मात्र वितळेपर्यंत एकाच रचनेत राहतं. वाढलेला ग्रेन नुसत्या उष्णतेने लहान होत नाही. आधी फोर्जिंगसारखी विकृती (ठोकून, दाबून आकार बदलणं) द्यावी लागते. तयार मापाच्या जॉबला (भट्टीत घातलेल्या भागाला) ती कुठून देणार? तो भंगारातच.

म्हणून सगळी मदार तापमानावर. इन्कोनेल ७१८ या निकेल सुपरअलॉयचं सोल्युशन ट्रीटमेंट (मिश्रणातले घटक विरघळवण्यासाठी तापवणं) बहुधा ९५५ ते ९८० अंश सेल्सिअसला करतात. तिथे डेल्टा फेजचे, म्हणजे मिश्रधातूतच तयार होणाऱ्या एका वेगळ्या संयुगाचे, कण ग्रेनच्या सीमा अडवून धरतात. १००० अंशांच्या पुढे, रसायनानुसार थोडं मागेपुढे, ते विरघळतात आणि सीमा मोकाट सुटतात. ‘वीस-तीस अंश जास्त असू दे’ हा मोठेपणा इथे नडतो. भट्टीच्या पॅनेलवरचा आकडा म्हणजे जॉबचं तापमान नव्हे. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जॉबला लावा, आणि सोकची, म्हणजे ठरल्या तापमानाला धरून ठेवण्याची, वेळ जाड भाग तापल्यावरच मोजायला घ्या.

(मोठा ग्रेन वाईटच असतो असं नाही. क्रीपला (उष्णतेत सततच्या भाराखाली हळूहळू ताणलं जाणं) तो चांगला, फटीगला (भार पुन्हा पुन्हा येऊन तडकणं) बारीक. ड्रॉइंग काय मागतंय ते आधी बघा.)

भट्टीच्या तापमानाचा चार्ट सरळ आहे, तरी एखाद्याच पट्ट्यात ग्रेन राक्षसी? भट्टीला शिव्या देण्याआधी फोर्जिंगची नोंद काढा. शेवटच्या ठोक्यात जिथे जेमतेम काही टक्के विकृती मिळाली, तिथे पुढच्या तापवण्यात मोजकेच ग्रेन शेजाऱ्यांना गिळून फुगतात. अशा वेळी भट्टीची सेटिंग बदलून काही हाती लागत नाही. डाय किंवा ठोक्यांचा क्रम बदलावा लागतो.

तेल, ग्रीस, मार्करच्या खुणा पुसल्याशिवाय जॉब भट्टीत घालू नका. त्यातलं गंधक निकेलशी मिळून साधारण ६४० अंशांनाच वितळतं आणि सीमांमध्ये शिरतं.

मोजणीतही घोळ होतो. निकेलमध्ये ट्विन (ग्रेनच्या आतले, आरशातल्या प्रतिबिंबासारख्या रचनेचे पट्टे) भरपूर. त्यांच्या सरळ, समांतर रेषा ग्रेनच्या सीमा म्हणून मोजल्या की ग्रेन कागदावर बारीक दिसतो. एएसटीएम ई११२ या ग्रेन मोजण्याच्या मानक पद्धतीत ट्विन धरत नाहीत. शिवाय तिथे ग्रेन-साइजचा आकडा मोठा म्हणजे ग्रेन लहान. नवीन मुलं इथे उलटा रिपोर्ट लिहून मोकळी होतात.