दम्याचा रोजचा पंप पोरं विसरतात, त्यांना मेसेजने आठवण कशी करून द्यायची

पहिल्यांदा हे बघा की आठवण नक्की कुठल्या पंपाची करायचीय, कारण इथेच बऱ्याच घरांत गोंधळ असतो. एक पंप धाप लागली की घ्यायचा, बहुतेक वेळा निळा, त्यात साल्ब्युटामॉल असतं आणि थोड्या मिनिटांत छाती मोकळी होते. त्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही, छातीच करून देते. दुसरा रोजचा, त्यात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखं स्टिरॉइड असतं, तो श्वासनळ्यांची आतली सूज हळूहळू उतरवतो, पूर्ण फरक पडायला आठवडे जातात आणि घेतल्या घेतल्या काहीच वाटत नाही. आता तेराचौदा वर्षांच्या पोराला ज्या गोष्टीने काही वाटतच नाही ती रोज दोनदा करायला सांगितली तर तो विसरणारच ना, त्यात बरं वाटायला लागलं की मग कशाला घ्यायचा हा प्रश्न आहेच. मेसेज लावायचा तो ह्या दुसऱ्या पंपासाठी. काही मुलांना डॉक्टर दोन्ही कामांचा एकच पंप देतात, तसं असेल तर रोजचे ठरलेले पफ कधी आणि किती हे आधी त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.

मेसेज म्हणजे साधा एसएमएस, व्हॉट्सॲप नाही. व्हॉट्सॲपवर क्लासचा ग्रुप, क्रिकेटचा ग्रुप, वाडीचा ग्रुप, त्यात तुमची आठवण कुठल्या कुठे जाते, आणि दिवसाचा डेटा संध्याकाळपर्यंत रीलमध्ये संपलेला असतो. एसएमएसला डेटा लागत नाही, रेंजची एखादी काडी असली तरी पोचतो, आणि आमच्या राजापूर-लांजा साइडला खाली परह्याकडच्या वाड्यांमध्ये तेवढीच काडी असते. ह्याचा उपयोग होतो का, तर होतो पण जादू नाही. डेन्मार्कमध्ये २०१० साली छापलेल्या एका छोट्या अभ्यासात दम्याच्या २६ पेशंटपैकी काहींना रोज एसएमएस पाठवले, बारा आठवड्यांनी मेसेजवाले औषध जास्त नियमित घेत होते, पण फुफ्फुसाच्या तपासणीत तेवढ्यात काही फरक दिसला नव्हता. मुद्दा हा की मेसेज विसरण्यावर चालतो, बाकीच्या कारणांवर नाही, त्यांच्याकडे पुढे येते.

मेसेज कोणी पाठवायचा? माझं स्पष्ट मत, आईने नको. आई सकाळी पाण्याला चूल पेटवत आधीच दहा वेळा ओरडलेली असते, अकरावी ओरड फोनमध्ये आली की पोरगं तो फोनच उलटा करून ठेवतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाप नाहीतर काका मुंबईला असतो, पोरं आजीआजोबांकडे, तर हे काम त्या चाकरमान्याला द्या, किंवा कॉलेजातल्या चुलत बहिणीला. माझ्या भाचीला तिचा विरारचा काका पाठवतो आणि ती त्याला उत्तर देते, मला देत नाही, माझं काही म्हणणं नाही.

शब्द मात्र पोराने स्वतः ठरवायचे, हे अजिबात सोडू नका. बसवून विचारा, काय लिहिलेलं चालेल, किती वाजता चालेल. दमा, पंप, औषध हे शब्द शक्यतो नकोच, कारण स्क्रीन लॉक असली तरी मेसेज वर दिसतो आणि एसटीत शेजारी बसलेला मित्र तो वाचतो. काहीही चालतं, "काय गो बाय, झाला काय?" एवढंही पुरतं, किंवा क्रिकेटवाल्याला "ओपनिंग झाली?" फोन जर घरात एकच असेल आणि तो आजोबांकडे असेल तर मग कोड कशाला, सरळ लिहा, आजोबांना वाचता आलं पाहिजे.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा सवय बघा. पंप ब्रशच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे घेतला की लगेच दात घासून चूळ भरली जाते, आणि ती भरायचीच असते, नाहीतर स्टिरॉइड तोंडात राहून जिभेवर पांढरी बुरशी येते नाहीतर आवाज बसतो. पहिल्या एसटीने शाळेला जाणाऱ्याला सातचा मेसेज काय कामाचा, तो तेव्हा स्टॉपवर असतो आणि पंप घरात. त्याला सव्वासहाला पाठवा. संध्याकाळचा जेवणाच्या जरा आधी, क्लासच्या मध्ये नको.

आता फोनमध्ये कसं करायचं. अँड्रॉइडच्या गुगल मेसेजेस ॲपमध्ये मेसेज टाइप करून पाठवायच्या बाणावर बोट दाबून धरलं की तारीख वेळ विचारतो, ती टाकली की त्या वेळी आपोआप जातो. एकदा टाकून रोज जाईल असं मात्र होत नाही, दरेक दिवसाचा वेगळा टाकावा लागतो, म्हणून रविवारी बसून आठवड्याचे टाकून ठेवायचे. पाठवणाऱ्याचा फोन त्या वेळी चालू आणि रेंजमध्ये पाहिजे, आणि रिचार्जमध्ये एसएमएस आहेत ना ते बघा, काही स्वस्त पॅकमध्ये ते नसतात. मराठी अक्षरांत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, काने, मात्रा, वेलांट्या सगळ्या वेगळ्या मोजल्या जातात, त्यापेक्षा मोठा झाला की दोन मेसेजचे पैसे. इंग्रजी लिपीत १६० बसतात. पण इथे निबंध लिहायचाच नाहीये.

एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. पावसात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, मग मेसेज कंपनीकडे अडकून राहतो आणि रेंज आली की येतो, कधीकधी दोनतीन एकदम. सकाळचा मेसेज दुपारी दोनला आला आणि पोराने परत पफ मारले असं व्हायला नको, म्हणून मेसेजमध्ये "सोम सकाळ" असा वार आणि वेळ घालायचाच. आणि खरंच चुकला असेल तर? आठवलं तेव्हा घ्यायचा, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यायचा, भरून काढायला डबल घ्यायचा नाही.

उत्तर एका आकड्याचं ठेवा, १ म्हणजे घेतला, ० म्हणजे नाही. शून्य आल्यावर ओरडायचं नाही हा करार आधीच करा, कारण एकदा ओरडलात की दुसऱ्या दिवसापासून रोज १ येणार, पंप घेवो न घेवो. खरं काय ते पंपावरचा काउंटर, म्हणजे किती पफ उरले ते दाखवणारा आकडा, सांगतो, तो रविवारी दोघांनी मिळून बघायचा, पोलिसगिरी म्हणून नाही, हिशोब म्हणून. त्याच रविवारी एक वेगळा मेसेज, ह्या आठवड्यात निळा किती वेळा लागला आणि रात्री खोकल्याने जाग आली का. निळा आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल किंवा रात्रीची झोपमोड होत असेल तर दमा ताब्यात नाही, डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात असली तरी आधी जाऊन या.

पंप संपायचा मेसेजही आत्ताच लावून टाका. १२० पफचा पंप सकाळी दोन संध्याकाळी दोन असा घेतला तर ३० दिवस जातो, म्हणजे पंचविसाव्या दिवसाच्या आत मेडिकलमध्ये. गावातल्या मेडिकलमध्ये तोच पंप मिळेल ह्याची गॅरंटी नाही, तालुक्याला जावं लागतं, आणि गणपतीत तर एसटीत पाय ठेवायला जागा नसते. काउंटर नसलेला पंप हलवून, पाण्यात टाकून बघणारे लोक आहेत, त्याने काही कळत नाही, औषध संपल्यावरही आत गॅस शिल्लक असतो आणि फुसफुस होत राहतं. डबीवर चालू केल्याची तारीख पेनाने लिहा.

काही आठवड्यांनी मेसेज दिसेनासे होतात, म्हणजे येतात पण पोराचं लक्ष जात नाही, रोजचाच भोंगा झाला की असं होतं. तेव्हा शब्द बदला, पाठवणारा बदला, सकाळचा नीट चाललाय तर तो बंद करून फक्त संध्याकाळचा ठेवा. पण काही दिवस मात्र मुद्दाम वाढवा: मार्च-एप्रिलमध्ये राब भाजायचा धूर, काजूच्या बिया भाजतात त्याचा धूर, पावसात भिंतीवर चढणारी बुरशी आणि माळ्यावरच्या गोधड्या, गणपतीत डेकोरेशनसाठी काढलेल्या धुळीच्या पेट्या आणि धूप. आणि बोर्डाच्या परीक्षेत, कारण तेव्हा सगळंच विसरलं जातं.

मेसेजने जे होत नाही ते आता. पोरगं विसरत नसेल, टाळत असेल तर मेसेज कितीही लावा. "पंपाची सवय लागते" हे शेजारची कोणीतरी सांगून गेलेली असते, सवय लागत नाही, औषध थेट फुफ्फुसात जातं म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी डोस लागतो, हे डॉक्टरांच्याच तोंडून पोराला ऐकवा. दुसरं, घेण्याची पद्धत. फवाऱ्याचा पंप हलवून, त्याला स्पेसर (प्लॅस्टिकची पोकळ नळी) लावून, हळू लांब श्वास, मग जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत रोखायचा. कॅप्सूल टाकून ओढायचं मशीन असेल तर उलट, जोरात आणि पटकन ओढायचं, स्पेसर नको, आणि ती कॅप्सूल गिळायची नाही. पावसाळ्यात ह्या कॅप्सूल दमट होतात, वापरायच्या वेळीच पाकिटातून काढा, मशीन न्हाणीघरात तर अजिबात ठेवू नका, ब्रशचा नियम इथे मोडा आणि ते खोलीतच कोरड्या डब्यात ठेवा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा, फडक्याने पुसायचा नाही, पुसला की औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

आणि धाप लागलेली असताना मेसेज मेसेज खेळायचं नाही, हे पोराला दहा वेळा सांगून ठेवा. एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील तर ताठ बसवा, डॉक्टरांनी लिहून दिलंय तसा निळा पंप सुरू करा आणि १०८ ला फोन लावा. वाडीपर्यंत गाडी यायला वेळ लागणार असेल तर कोणाची रिक्षा, कोणाची गाडी रात्री मिळेल हे आजच ठरवून ते दोन नंबर पोराच्या फोनमध्ये सर्वात वर सेव्ह करा. पुढच्या तपासणीला जाताना फोन घेऊन जा, महिन्यात किती शून्य आले ते डॉक्टरांना दाखवा, आणि पंप, स्पेसर दोन्ही पिशवीत टाका म्हणजे त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवता येईल.