थंडीत अर्धस्वयंचलित शॉटगन अडू नये म्हणून

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात बर्फ पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेच्या गारठ्यात आणि दवात परवान्याची अर्धस्वयंचलित, म्हणजे बार उडाल्यावर पुढचे काडतूस आपोआप चढवणारी बंदूक अडते, ती बहुधा चुकीच्या किंवा जास्त झालेल्या तेलामुळे. सफाईला बसण्यापूर्वी मॅगझिन (काडतुसे साठवण्याची नळी) आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) दोन्ही रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

घरचे खोबरेल तेल बंदुकीला कधीही लावू नये. ते साधारण २४ अंशांखाली गोठते आणि बोल्टची (काडतूस चढवणाऱ्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाची) चाल मंदावते. शेंगदाणा तेल गोठले नाही, तरी कालांतराने चिकट होते. जुने वंगण द्रावकाने पूर्ण काढून, बंदुकीसाठीचे पातळ तेल बोल्टच्या घसरपट्ट्यांवर थेंबभर लावावे आणि जादा तेल कापडाने टिपून घ्यावे. बऱ्याच बंदुकांत बोल्ट पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत असते. सफाईत ती हमखास राहून जाते, म्हणून थंडी सुरू होण्यापूर्वी ती जाणकार कारागिराकडून साफ करून घ्यावी.

वायूवर (बारूद जळून होणाऱ्या वायूच्या दाबावर) चालणाऱ्या बंदुकीत पिस्टनवरची काजळी खरवडून काढावी आणि वायूची छिद्रे मोकळी ठेवावीत. धक्क्यावर (बार उडताना मागे बसणाऱ्या धक्क्यावर) चालणारी बंदूक खांद्याला घट्ट टेकवली नाही, तर पुढचे काडतूस कधी कधी नीट चढत नाही. हलक्या भाराची काडतुसे गारठ्यात आणखी कमजोर पडतात, त्यामुळे ती आधी रेंजवर तपासावीत.

बाहेरून आणलेल्या थंड बंदुकीवर उबदार घरात पाणी साचते. ती बंद पिशवीत न ठेवता उघडी सुकवावी, पुसावी आणि मगच कुलपात ठेवावी.