आईची मालिका आणि कोथरूडचा जुना लॅपटॉप

आई तीन महिने ताईकडे म्युनिकला गेली आणि चौथ्या दिवशी फोन: "अरे, सगळं मिळतं इथे, माझी मालिकाच दिसत नाही!" अ‍ॅपचे पैसे इथे भरलेले, पण पडद्यावर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही'.

आधी पैसे देऊन एक व्हीपीएन घेतलं, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा. दोन दिवस चाललं, मग बंद. कारण नंतर कळलं. 2022 मध्ये सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ग्राहकांच्या नोंदी ठेवायचा नियम आणल्यावर अनेक व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले. 'इंडिया' म्हणून जे दिसतं ते बऱ्याचदा सिंगापुरात असतं. शिवाय हे सर्व्हर डेटा सेंटरमध्ये असतात, आणि तिथले आयपी पत्ते (इंटरनेटवरचे ओळख क्रमांक) अ‍ॅपवाले सहज ओळखतात.

मग घरचंच इंटरनेट तिच्यापर्यंत न्यायचं ठरवलं. माळ्यावरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, टेलस्केल (आपलीच उपकरणं एकमेकांना खासगी जाळ्याने जोडणारं सॉफ्टवेअर) बसवलं, आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्या उपकरणाचा डेटा पुढे पाठवायची सोय) चालू केलं आणि त्याला 'एक्झिट नोड' केलं, म्हणजे आईचं इंटरनेट या लॅपटॉपमधून बाहेर पडतं. आमचा फायबरवाला बाहेरून थेट गाठता येईल असा स्वतंत्र पब्लिक आयपी देत नाही, तरी टेलस्केलचं काही अडलं नाही. टेलस्केलमधली 'की एक्स्पायरी' (लॉगिनची मुदत) मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर 180 दिवसांनी लॅपटॉप जाळ्यातून गळतो. अपलोडचा वेगही तपासा, कारण तिकडे दिसणारं चित्र इथून वर चढतं. आणि अ‍ॅपच्या अटी वाचून घ्या; काहींना हे चालत नाही.

पहिल्याच गुरुवारी महावितरणची वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर तगला, राउटर झोपला! आता राउटरही इन्व्हर्टरवर आहे.

रात्री आठची मालिका आई दुपारी साडेचारच्या चहासोबत बघते.