रिटायर झालाय? सरकारी कार्ड आणि वरची पॉलिसी असं समजून घ्या

आधी घरातलं रेशनकार्ड काढा की हो, सगळं तिथूनच ठरतं. ‘आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक’ या सरकारी योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात, एपीएलवाल्याला पॅकेजच्या (म्हणजे उपचाराला सरकारनं ठरवलेल्या) खर्चाचे फक्त ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंतच, बाकीचं आपल्या खिशातून. म्हणजे पेन्शनवाल्या बऱ्याच घरांना हे पुरत नाही. आणि थेट खाजगी दवाखान्यात जाऊन ॲडमिट होऊ नका, इमर्जन्सी नसेल तर आधी सरकारी दवाखाना, आपल्याकडे बेळगावात बिम्स, तिथं उपचार होत नसतील तर रेफरल लिहून घ्यायचं, मगच पुढं. महाराष्ट्रानं फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केलीय, तुमचं गाव यादीत आहे का तेवढं बघा.

आता वरची पॉलिसी, म्हणजे सरकारी कार्डाच्या वर घ्यायचा आरोग्य विमा. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यात लोक फसतात बघा. समजा डिडक्टिबल, म्हणजे ज्या रकमेपर्यंत ही पॉलिसी काही देत नाही ती, ५ लाख आहे, वर्षात ३ लाख आणि ४ लाख अशी दोन बिलं झाली. टॉप-अप एकेक बिल वेगळं बघतं, त्यामुळं एक रुपया देत नाही, सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतं आणि वरचे २ लाख देतं. म्हातारपणी सुपरच घ्या.

बीपी-शुगर फॉर्मवर लपवू नका, कळकळीनं सांगतो, क्लेम तिथंच अडकतो. जुन्या आजाराला वेटिंग, म्हणजे क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३ वर्षं असतं, म्हणून रिटायरमेंटच्या आधीच घेतलेली बरी. को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) आणि रूम रेंटची मर्यादा सही करायच्या आधी एजंटकडून लेखी घ्या.