मद ओढायला शिकताय? आधी आखूड स्वर आखूड ठेवा

कुरआन वाचताना ठराविक जागी स्वर लांबवायचा असतो, त्याला मद म्हणतात. नूरानी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक) झालाय, खडा जबर, खडा जेर, उलटा पेश ही दीर्घ आ, ई, ऊची चिन्हं ओळखता येतात, असं धरून लिहितेय. हफ्सच्या रिवायतीत (वाचनाच्या परंपरेत) आपल्याकडे शिकवतात तो हिशेब असा, एक हरकत म्हणजे एका आखूड स्वराचा वेळ: मद्दे-असलीला (साध्या मदाला) 2 हरकती, मुत्तसिल (मदानंतर त्याच शब्दात हमजा, म्हणजे घशातल्या झटक्याचं अक्षर) आणि मुनफसिलला (हमजा पुढच्या शब्दात) 4 किंवा 5, लाजिमला (मदानंतर दुहेरी किंवा स्वर नसलेलं अक्षर) 6, आयतीच्या शेवटी थांबताना आरिजला (थांबल्यामुळे होणाऱ्या मदाला) 2, 4 किंवा 6. हे थोड्या दिवसांत पाठ होतं. खरा घाम फुटतो तो जिथे मद नाही तिथे न ओढताना.

मराठी शाळेत शिकलेल्यांना हा रोग हमखास असतो. मला आजही आहे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं की फातिहातल्या (कुरआनच्या पहिल्या सूरेतल्या, म्हणजे अध्यायातल्या) 'मालिकि'चं 'मालिकी' होतं, 'नअबुदु'चं 'नअबुदू' होतं आणि कानाला काहीच खटकत नाही. देवनागरीत छापलेल्या पुस्तकांनी त्यात भर घातलीय. 'इय्याक' छापलं तर लोक शेवटचा क तोडून वाचतील, म्हणून 'इय्याका' छापतात. काना दिसला की आपण दोन हरकती देऊन मोकळे! अरबीत तिथे नुसता जबर (आखूड अ) आहे, म्हणजे एकच हरकत. ती पुस्तकं सरळ बाजूला ठेवा. अक्षरओळख कच्ची असेल तर महिनाभर पुन्हा कायदा घ्या, त्यात कमीपणा नाही.

आणि ही किरकोळ बाब समजू नका. सूरा तकासुरच्या 8 व्या आयतीत 'लतुस्अलुन्न' आहे, 'तुम्हाला नक्की विचारलं जाईल'. तो 'ल' ओढून 'ला' केलात की नकार होतो, कयामतीची विचारपूसच रद्द! याला लहने-जली म्हणतात, उघड चूक.

उलटा फासही आहे. सूरा काफिरूनची चौथी आयत घ्या: 'वला अना आबिदुम्-मा अबत्तुम'. 'ला'पुढच्या शब्दात हमजा आहे, म्हणून मुनफसिल, 4 किंवा 5. लगेच 'अना'. त्यात अलिफ (आ दाखवणारं अक्षर) लिहिलेला दिसतो, पण पुढे जोडून वाचताना तो उच्चारायचाच नाही, 'ना' आखूड. मग 'आबिदुम्'चा आ दोन, 'मा' दोन. आमच्या आपा नवीन मुलीची परीक्षा याच आयतीवर घेतात. चारपैकी तीन जागा जमतात, 'अना' घात करतो.

बोटं उघडमीट करून मोजण्याबद्दल माझं मत वाईट आहे. सुरुवातीला ठीक, पण घाईत बोटंही घाई करतात. हरकत ही तुमच्या वाचण्याच्या वेगावर ठरते. म्हणून प्रमाण सांभाळा: मुत्तसिलला 4 धरलेत तर त्या बैठकीत सगळीकडे 4. फातिहाच्या शेवटच्या 'वलद्दाल्लीन'मध्ये 'द्दा'ला 6 सक्तीचे, शेवटच्या 'लीन'ला सवलत. बहुतेक जण बरोबर उलटं करतात, 'द्दा' उरकतात आणि 'लीन'वर आलाप घेतात.

ऐकायचं तर मिसरचे (इजिप्तचे) कारी, म्हणजे कुरआन वाचणारे, शेख महमूद खलील अल-हुसरी (1917–1980). सावकाश, कोरडं, मोजून घ्यावं असं. कारी अब्दुल बासित यांच्या दमसासाची नक्कल आत्ता नको. मोबाइलमधली अ‍ॅपं हर्फ (अक्षर) चुकला तर कधीमधी पकडतात, अर्धी हरकत वाढली ती समोर बसलेला उस्तादच पकडतो. फक्त 'माशाअल्लाह, छान' म्हणणारा उस्ताद असेल तर बदला.

घाबरू मात्र नका. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी अज्र (पुण्यफळ) आहे, ही पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांत आहे. मी तिच्यावरच तगून आहे. तिचा आधार घेऊन 'इय्याका' चालू ठेवायचं नाही, एवढंच.

आणि मद ओढताना मध्येच दम संपला तर तिथून पुढे रेटू नका. थांबा, एक-दोन शब्द मागे जा, अर्थ जुळेल तिथून पुन्हा धरा.