ओळी बरोबर, रकाने रिकामे: जँगोच्या टेम्प्लेटमधील तक्ता
जँगो या पायथन भाषेतील वेब-फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमधील (वेबपानाच्या साच्यातील) एका तक्त्यात ओळींची संख्या डेटाबेसमधील नोंदींइतकीच येत होती, मात्र प्रत्येक रकाना रिकामा होता आणि त्रुटीचा कोणताही संदेश दिसत नव्हता. ओळी पुरेपूर येत असल्याने एकेक ओळ छापणाऱ्या फॉर-लूपवरचा संशय लगेच दूर झाला. टेम्प्लेटमध्ये न सापडलेल्या नावाच्या जागी जँगो मुकाट्याने रिकामी स्ट्रिंग छापतो; ही सोय दोष शोधणाऱ्याला चांगलीच चकवते. म्हणून सेटिंग्जमधील ‘स्ट्रिंग इफ इनव्हॅलिड’ या पर्यायाला तात्पुरता एक ठळक मजकूर दिला, तेव्हा तो प्रत्येक रकान्यात उमटला, म्हणजेच मूल्ये कोरी नसून नावेच जुळत नव्हती. हा पर्याय नंतर काढावाच, कारण जँगोची स्वतःची काही टेम्प्लेटेही या मौनावर विसंबून असतात. व्ह्यूमधील, म्हणजे टेम्प्लेटला माहिती पुरवणाऱ्या कोडमधील, क्वेरी ‘व्हॅल्यूज लिस्ट’ने संपत होती, तिच्यातून टपल, म्हणजे नावांशिवाय क्रमाने मांडलेल्या मूल्यांचे संच, मिळतात आणि टपलमधील मूल्य क्रमांकाने मागावे लागते, तर टेम्प्लेट ते फील्डच्या नावाने मागत होते. तिथे ‘व्हॅल्यूज’ वापरल्यावर प्रत्येक ओळ डिक्शनरीच्या, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या, रूपात आली आणि टेम्प्लेटला हात न लावता सर्व रकाने भरले. क्रमांक वापरूनही काम भागले असते, पण क्वेरीतील फील्डांचा क्रम बदलताच मूल्ये भलत्याच रकान्यांत गेली असती.